कोर्पिवारा पांढरं का दिसलं

आमच्याकडे जंगलात पळण्याच्या शर्यती असतात. हातात नकाशा आणि होकायंत्र घेऊन खुणा शोधत पळायचं. या नकाशांत दाट, पाय अडकवणारं रान हिरवं दाखवतात, उघडी जागा पिवळी, आणि उंच झाडांचं, मोकळेपणाने पळता येईल असं जंगल पांढरं. नवख्या माणसाला वाटतं, पांढरं म्हणजे तिथे काहीच नाही. तो निश्चिंतपणे तिकडे वळतो आणि झाडांच्या अंधारात शिरतो.

इर्मेली तोल्वानेनने तरुणपणी चौदा वर्षं असे नकाशे काढले. गळ्यात पाटी, खिशात पेन्सिली, आणि दिवसभर एकटीने दलदलीतून चालणं. नकाशावरचा प्रत्येक मोठा दगड, मुंग्यांचं प्रत्येक वारूळ तिने स्वतःच्या पायांनी गाठलेलं असे. छापून आलेल्या नकाशाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत एक ओळ यायची: जमिनीवरचं काम, इ. तोल्वानेन, आणि पुढे महिना-वर्ष. चौतिसाव्या वर्षी गुडघा गेला. मग ती लम्मासकोस्कीच्या टेकडीवरच्या मनोरुग्णालयात जुनी कार्डं लावायच्या कामाला लागली. पुढे रुग्णालय बंद झालं, कार्डं संगणकात गेली, आणि कार्डांच्या मागोमाग इर्मेलीही जिल्ह्याच्या आरोग्य विभागात गेली. चाळिशीनंतर संध्याकाळच्या वर्गांना बसून ती संख्याशास्त्र शिकली. मी एकोणीस वर्षं तिच्या समोरच्या टेबलावर काढली. आलेल्या नोंदी तपासणं हे माझं काम. त्या नोंदी काय म्हणतात ते ऐकणं हे तिचं.

जिल्ह्यात मनाने खचलेल्या आणि दारूत अडकलेल्या माणसांसाठी आठ केंद्रं होती आणि सव्वीस नर्सेस. कुठे किती नर्सेस बसवायच्या, कोणत्या महिन्यात कुठे जास्त लागतील, हे पूर्वी सवयीने ठरायचं, किंवा ज्याचा आवाज मोठा त्याच्या गावाच्या बाजूने ठरायचं. इर्मेलीने त्यासाठी एक मॉडेल बांधलं. गावात एकटे राहणारे किती, त्यांची वयं काय, लाकडाची गिरणी चालू आहे की बंद, रुग्णालय किती दूर, अशा गोष्टींवरून त्या गावातून पुढच्या काही महिन्यांत किती हाका येतील याचा अंदाज ते मॉडेल करायचं. हाक हा आमच्या खोलीतला शब्द. एखादा माणूस इतका खचला की अ‍ॅम्ब्युलन्सला किंवा पोलिसांना धावून जावं लागलं, तर ती एक हाक.

त्या अंदाजावरून इर्मेली जिल्ह्याचा नकाशा रंगवायची. रंग तिने जुन्या धंद्यातूनच उचलले होते. जिथे अडचण जास्त तिथे गडद हिरवा, कमी तिथे फिकट, आणि जवळजवळ नाही तिथे पांढरा. संगणक हे काम क्षणात करायचा. तरी ती पहिली प्रत हाताने, पेन्सिलीने रंगवायची. मी एकदा विचारलं, तेव्हा म्हणाली, “हाताने रंगवताना प्रत्येक गावाचं नाव वाचावं लागतं.”

तिचं मोल जिल्ह्याला पहिल्यांदा कळलं ते एका गोल आलेखामुळे. आमच्याकडे सगळे धरून चालतात की माणसं खचतात ती नोव्हेंबरात, सूर्य नाहीसा होतो तेव्हा. म्हणून आधारगट नोव्हेंबरात सुरू व्हायचे आणि मार्चअखेर संपायचे. इर्मेलीने बारा वर्षांच्या हाका घड्याळाच्या तबकडीसारख्या बारा महिन्यांवर मांडल्या. फुगवटा नोव्हेंबरात नव्हता. तो एप्रिल-मेमध्ये होता, बर्फ वितळून सगळं उघडं पडतं तेव्हा. प्रकाश परत येतो, शेजारी हसू लागतात, आणि ज्याच्या आत काहीच परत येत नाही त्याला लपायला जागा उरत नाही.

म्हाताऱ्या डॉक्टरांनी तबकडी पाहिली आणि खांदे उडवले. “यात नवीन काय? हे आम्हाला पहिल्यापासून माहीत होतं.”

“माहीत होतं,” इर्मेली म्हणाली, “तर मार्चच्या शेवटी गटाच्या खोलीला कुलूप का लावत होता?”

त्या वर्षापासून गट जूनपर्यंत चालू लागले. दोन वर्षांनी वसंतातला फुगवटा खाली बसला. सपाट नाही झाला, पण बसला. इर्मेलीने आनंद वगैरे केला नाही. पावणेअकराला तिने नेहमीप्रमाणे राईचा पाव आणि उकडलेलं अंडं खाल्लं आणि पेन्सिलीला टोक काढलं.

मी सांगणार आहे ती गोष्ट तिच्या एकसष्टाव्या वर्षातली आहे, आणि ती तिच्या चुकीपासून सुरू होते.

मार्चमध्ये विभागप्रमुख तूरे तिचा नवा नकाशा हातात घेऊन आमच्या खोलीत आला. तूरे वाईट माणूस नव्हता. सव्वीस नर्सेसमध्ये तीस नर्सेसचं काम भागवणारा माणूस जसा होतो तसा तो झाला होता.

“कोर्पिवारा,” तो म्हणाला, आणि नकाशाच्या वरच्या कडेला बोट ठेवलं. तिथे एक पांढरा ठिपका होता. “चारशे बारा माणसं. चार वर्षांत दोन हाका. केंद्रात महिन्याला तीन भेटी. आणि आठवड्याचे तीन दिवस तिथे एक पूर्ण नर्स बसलेली. इकडे लम्मासकोस्कीत लोक सात आठवडे वाट बघतायत.”

“हो,” इर्मेली म्हणाली.

“एक जूनपासून केंद्र बंद करून तिला इकडे आणू. सहा मेला जिल्ह्याच्या मंडळापुढे ठेवतो. तुझा नकाशा आहेच.”

“आउनेला विचारलंस?”

आउने लेस्केला म्हणजे कोर्पिवाराची नर्स. तिथेच जन्मलेली, बावीस वर्षं तिथेच बसलेली. तूरेने फाइलमधून एक कागद काढला. विभागाने आउनेकडे आकडे पाठवून काही हरकत आहे का असं विचारलं होतं. खाली तिचं उत्तर होतं, एकच ओळ: आकडे बरोबर आहेत.

“बघ,” तूरे म्हणाला. “स्वतःच म्हणते.”

इर्मेलीने तो कागद नकाशावर ठेवला. मग म्हणाली, “या पांढऱ्यावर कुणी चाललंय का?”

“म्हणजे?”

“नकाशा छापायच्या आधी जमिनीवर कुणी गेलं होतं का?”

“इर्मेली, तुला जिना चढताना कठडा लागतो.”

“जिन्याला लागतो. जंगलाला कधी लागला नाही.”

तूरे हसला. “जा. सहा मेपर्यंत काय हवं ते चाल. पण मला आकडे आणून दे. तिथली हवा छान आहे असं सांगू नकोस.”

तिला गाडी चालवता येत नाही. म्हणून एप्रिलच्या एका बुधवारी मी तिला घेऊन निघाले. नव्वद किलोमीटर. तळ्यांवर बर्फ अजून होता, पण काठाशी काळा पडू लागला होता.

कोर्पिवाराचं केंद्र जुन्या शाळेत आहे. मुलं संपली म्हणून शाळा नऊ वर्षांपूर्वी बंद झाली. आउनेची खोली आत, शिक्षकांच्या बाजूला. पण ती बसते स्वयंपाकघरात, कारण तिथली चूल तापते. तिथे मुलांची जेवायची लांब मेजं आणि खुर्च्या अजून आहेत. सगळं दहा वर्षांच्या मुलाच्या मापाचं.

आउने रुंद बांध्याची, हळू बोलणारी बाई. एका बाजूला कलून चालायची.

“विभागातून आलात,” ती म्हणाली. “आज कुणी वेळ घेतलेली नाही. बघायला काही नाही. कॉफी मात्र आहे.”

“मग कॉफी घेऊ,” इर्मेली म्हणाली, आणि गुडघा सांभाळत त्या बुटक्या खुर्चीत उतरली.

साडेनवाला एक माणूस आला. साठीचा, गिरणीतून लवकर घरी बसवलेला, नाव रेइनो. वर्तमानपत्रात गुंडाळलेले मासे त्याने ओट्यावर ठेवले, आमच्याकडे एकदा पाहिलं आणि दारातच थांबला.

“कोण?”

“शहरातल्या बायका,” आउने म्हणाली. “एकीचा गुडघा गेलाय, दुसरी गाडी चालवते. बस.”

तो बसला. गुडघे छातीशी आले. आउनेने कॉफी ओतली, वेलदोड्याचा गोड पाव पुढे सरकवला. बराच वेळ कुणी काही बोललं नाही. आमच्याकडे याला अवघडलेपण म्हणत नाहीत.

“बर्फ धरून आहे,” रेइनो म्हणाला.

“धरून आहे.”

“आठवडाभर.”

“तेवढाच.” आउनेने पावाचा तुकडा मोडला. “झोप?”

“चार तास.”

“परवा किती होती?”

“तीन.”

“मग चार बरे. आणि कपाटातली बाटली?”

“आहे जागेवर. मी तिच्याकडे बघतो.”

“ती बघते का तुझ्याकडे?”

“ती माझ्यापेक्षा हट्टी आहे,” रेइनो म्हणाला, आणि त्याच्या ओठांचा एक कोपरा हलला. मग त्याने कोटाच्या खिशातून एक करडा लोकरी मोजा काढला. मोज्याच्या टोकात काहीतरी जड होतं. तो त्याने मेजावर ठेवला, आमच्याकडे न बघता.

“तेल घालायला,” तो म्हणाला.

“ऑक्टोबरात मिळेल,” आउने म्हणाली. तिने मोजा उचलला, ओट्याखालच्या खणात टाकला आणि खण गुडघ्याने लोटला.

दुपारपर्यंत नऊ जण आले. एक विधवा बाई आपलं घड्याळ शाळेच्या घड्याळाशी जुळवायला आली आणि तासभर बसली. दोघे भाऊ बाहेरच्या बर्फाबद्दल बोलायला आले आणि आईबद्दल बोलून गेले. आतल्या खोलीचं दार एकदाही बंद झालं नाही. दीड वाजता आउने संगणकापुढे बसली. त्या दिवसाच्या भेटी: शून्य.

मी नोंदी तपासणारी बाई. माझ्याने राहवलं नाही. “अगं, नऊ जण होते.”

“ती कॉफी होती,” आउने म्हणाली. “भेट म्हणजे माणसाने वेळ मागायची, दार लावायचं, मी कागद काढायचा. नियमात तसं लिहिलंय. कॉफीला मी भेट म्हणाले, तर ते खोटं ठरेल.”

“झोप विचारलीस ना त्याला?”

“शेजाऱ्याला झोप विचारायला कायदा लागत नाही.”

ती खरंच बोलत होती. बावीस वर्षांत तिने एकही नोंद वाढवून केली नव्हती, आणि त्या सचोटीपायीच तिच्याखालून खुर्ची निघत होती. चूक करायची तर आमच्याकडची माणसं अशी करतात.

इर्मेली खणाकडे बघत होती. “मोज्यात काय आहे?”

आउने संगणकापुढून उठली. मग तिने खण ओढला. आत सात मोजे होते, प्रत्येक वेगळ्या विणीचा. प्रत्येकात बंदुकीचा बोल्ट. तो काढून घेतला की बंदूक म्हणजे नुसती लांब काठी.

“मार्च-एप्रिलमध्ये आणून देतात,” ती म्हणाली. “स्वतःहून. एल्क हरणांच्या शिकारीआधी परत नेतात. मी कधी मागितले नाहीत.”

“आणि नोंद केलीस तर?”

“नाव वरच्या नोंदीत जातं. डॉक्टर वाचतो. डॉक्टरला वाटलं तर तो पोलिसांना कळवतो, आणि परवाना जातो. परवाना गेला की शिकारीची टोळी गेली. टोळी गेली की या गावात पुरुषाशी बोलायला कोण उरतं? माझ्याकडे यायचे बंद होतील. मोजे घरी राहतील.” तिने खण बंद केला. “हे तुम्ही पाहिलं नाही.”

आम्ही पाहिलं नव्हतं. आउने आता निवृत्त आहे, गावाचं नाव मी बदललं आहे, म्हणून आज लिहिते.

निघताना रेइनो अंगणात आमच्या गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होता. कुणी सांगितलं नव्हतं.

“बंद करणार म्हणे,” तो म्हणाला.

“ठरायचंय,” इर्मेली म्हणाली.

तो खरवडत राहिला. “एकदा बंद होतं. आउने मोडली होती, तेव्हा.”

“मोडली?”

“याच अंगणात घसरली. खुबा गेला. तुम्ही बदली कुणाला पाठवलं नाही. मी यायचो शाळेपर्यंत. कुलूप बघायचो, परत जायचो.” त्याने खरवडणी झटकली. “त्या वसंतात मोजा माझ्याकडेच राहिला.”

“कोणत्या वर्षी?” इर्मेलीने विचारलं.

त्याने वर्ष सांगितलं. इर्मेलीने मान हलवली आणि गाडीत बसली. तीस किलोमीटर गेल्यावर तिने काचेवरची वाफ पुसली. मग म्हणाली, “गाडी थांबव जरा.” मी थांबवली. ती बाहेर गेली नाही. नुसती समोरच्या काचेतून बघत बसली.

“माझं मॉडेल कोर्पिवारावर नेहमी चुकायचं,” ती म्हणाली. “एकटी माणसं, बंद गिरणी, लांबचा रस्ता. सगळं धरून ते म्हणायचं, चार वर्षांत अकरा हाका. यायच्या दोन. दर वेळी तिथेच चुकायचं. मला लाज वाटायची त्या चुकीची. म्हणून तीन वर्षांपूर्वी मी त्या एका गावासाठी वेगळा गुणक घातला. अंदाज आला की त्याला पाचाने भागायचं. मग सगळं छान जुळलं.”

“त्यात काय? सगळेच करतात.”

“सगळे करतात.” ती थांबली. “मॉडेल मला ओरडून सांगत होतं की या गावात काहीतरी आहे, जे माणसांना धरून ठेवतंय. मी त्याचं तोंड बंद केलं. त्या गुणकाचं नाव आउने होतं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने तारखा काढल्या. आउनेचं आजारपण: मार्चची नऊ तारीख ते ऑगस्टअखेर. कोर्पिवाराच्या चार वर्षांतल्या दोन हाका: त्याच वर्षीचा एप्रिल आणि त्याच वर्षीचा मे. आगेमागे काही नाही. दोन माणसं. एक वाचला होता, दुसरा नाही.

वाचलेला कोण, हे एक कळ दाबली की समजलं असतं. इर्मेलीला ती नोंद उघडायचा अधिकार होता. तिचं बोट कळीवर गेलेलं मी पाहिलं. मग तिने पडदा मिटवला आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. माणसाच्या कामाची उंची मला कधी मोजावीशी वाटली, तर मला ते न दाबलेलं बोट आठवतं.

आता अडचण अशी होती. केंद्र वाचवायचं तर मंडळाला आकडे हवेत. आकडे हवेत तर मेजावर येणाऱ्यांची मोजणी हवी. आणि मोजणी सुरू झाली की मेज रिकामं होणार. तूरेने तोच मार्ग सुचवला, आणि त्याच्या बाजूने तो प्रामाणिकच होता.

“आउनेला सांग, महिनाभर प्रत्येकाची नोंद कर. दिवसाला नऊ आले तर मी स्वतः केंद्र वाचवतो.”

“ती करणार नाही.”

“का?”

“विचारू नकोस. उत्तर दिलं तर मला ते लिहावं लागेल, आणि लिहिलं तर तुला वाचावं लागेल.”

तूरेने तिच्याकडे नीट पाहिलं. मग तो उठला. “सहा मे,” एवढंच म्हणाला.

इर्मेलीने मग मेज सोडून दिलं आणि मेजाभोवतीची रिकामी जागा मोजायला घेतली. आठ केंद्रांच्या पंधरा वर्षांच्या नोंदींतून तिने फक्त ते महिने काढले जेव्हा एखादी नर्स आजारी होती, बाळंत होती, किंवा जागा भरलेली नव्हती. असे एकोणीस काळ मिळाले. प्रत्येकासाठी तिने गुणक काढून टाकलेलं कोरं मॉडेल चालवलं, आणि अंदाज व प्रत्यक्ष यांतलं अंतर पाहिलं. नर्स नवी असेल, तर ती गेल्याने फारसा फरक पडत नव्हता. नर्स दहा वर्षांहून जास्त तिथेच बसलेली असेल, तर ती गेली की दोन महिन्यांत हाका वाढायच्या, आणि ती परतली की पुन्हा उतरायच्या. एकोणीसपैकी सात काळांत असं होतं. त्या सातांत भेटींच्या नोंदी जास्त होत्या की कमी, याच्याशी त्याचा काही संबंध नव्हता. मी तीन आठवडे तिच्यासाठी तारखा पडताळल्या. एकही चूक राहू नये म्हणून ती मला तीच तारीख तीनदा वाचायला लावायची.

सहा मेला मंडळाच्या नऊ सभासदांपुढे तिने दोन नकाशे शेजारीशेजारी टांगले. हाताने रंगवलेले. डावीकडे कोर्पिवारा पांढरं. उजवीकडे, गुणक काढल्यावर, तेच गाव जिल्ह्यातलं सगळ्यात गडद हिरवं.

“डावीकडचा मी मार्चमध्ये दिला,” ती म्हणाली. “तो चुकीचा आहे, आणि चूक माझी आहे. उजवीकडचा सांगतो की आउने तिथे नसेल तर काय होईल. डावीकडचा सांगतो की ती असताना काय होतंय. मी तिचा परिणाम गरजेतून वजा केला, आणि मग म्हणाले, गरज नाही.”

एका सभासदाने घसा साफ केला. “दोन हाका म्हणजे पुरावा नव्हे.”

“नाही,” इर्मेली म्हणाली. “दोन म्हणजे नुसती शंका. म्हणून मी नर्स नसलेले आणखी अठरा काळ शोधले.” तिने तिसरा कागद लावला. एकोणीस बारीक रेषा, प्रत्येकीच्या मध्ये नर्स नसलेला काळ राखाडी पट्टीने दाखवलेला. त्यातल्या सात रेषा पट्टीत शिरताच वर उठत होत्या. “सात वेळाच हे दिसतं. बारा वेळा नाही. तेही लिहिलंय. त्या बारांबद्दल मी काही दावा करत नाही.”

“पण ती तिथे करते काय?” तूरेने विचारलं. “महिन्याला तीन भेटी. बाकी वेळ?”

“कॉफी करते.”

कुणीतरी हसलं. टोकाला हेल्का बसली होती, दुभत्या गाईंचा गोठा चालवणारी म्हातारी. सभेत ती सहसा विणकाम करायची. तिने सुया थांबवल्या.

“माझ्या गोठ्यात एक मांजर आहे,” ती म्हणाली. “गोठ्यात उंदीर नाहीत. मग मांजर काढून टाकू का?”

“हेल्का,” तूरे म्हणाला, “तुझं मांजर निदान मेलेला उंदीर दारात आणून टाकतं. आउने काहीच टाकत नाही.”

“चांगली मांजरं टाकत नाहीत,” हेल्का म्हणाली. “त्यांच्या वासानेच उंदीर येत नाहीत. तू शहरात वाढलास.”

हसणं ओसरल्यावर चर्चा दीड तास चालली. लम्मासकोस्कीत सात आठवडे वाट बघणारी माणसंही खरीच होती, आणि इर्मेलीने ते एकदाही नाकारलं नाही. उलट तिनेच त्यांचा आकडा फळ्यावर लिहिला आणि पुसू दिला नाही. “हा दुखरा आकडा आहे,” ती म्हणाली. “पण तो उतरवायला कोर्पिवारातून नर्स काढली, तर माझ्या अंदाजाने वर्षाला दोन हाका वाढतील. वर्षाला दोन. ठरवायचं तुम्हीच. मी फक्त दोन्ही आकडे एका उजेडात ठेवतेय.”

पाच विरुद्ध चार मतांनी केंद्र तीन वर्षांसाठी राहिलं. मेजावरच्या वेळेसाठी नोंदीत एकच ओळ: गावातलं काम, इतके तास. नावं नाहीत. आणि इर्मेलीने मागितलेली एक गोष्ट त्यांनी एकमताने दिली. यापुढे कोणतंही केंद्र बंद करण्याआधी विभागातल्या कुणीतरी तिथे तीन दिवस बसायचं, आणि नकाशाच्या कोपऱ्यात त्या माणसाचं नाव आणि तारीख छापायची. तूरेला मत नव्हतं, तरी त्याने हात सगळ्यांत आधी वर केला. बाहेर पडताना तो इर्मेलीला म्हणाला, “तीन दिवस बुटक्या खुर्चीवर? माझी कंबर घेतलीस तू.” पुढच्या वर्षी तो खरंच गेला, शेजारच्या रिंपिलाच्या केंद्रात.

इर्मेलीने आउनेला फोन केला. “राहिलं.”

पलीकडे चुलीचा आवाज ऐकू येत होता. “बरं,” आउने म्हणाली. मग थोड्या वेळाने, “रेइनो इथेच आहे. सांगते त्याला.” आणि फोन ठेवला.

ऑक्टोबरात आम्ही पुन्हा कोर्पिवाराला गेलो. केंद्र बंद होणार नव्हतं, तरी नव्या नियमाच्या हिशेबाने इर्मेलीने आपले दोन दिवस बाकी धरले होते. शिकारीचा आठवडा होता. दुसऱ्या सकाळी स्वयंपाकघरात आउनेशिवाय कुणी नव्हतं, खण अर्धा उघडा होता, आणि आत एकच मोजा उरला होता, रेइनोचा करडा. इर्मेलीने तो पाहिला. तिचा चेहरा कसा झाला ते मी सांगू शकत नाही. आउने पाठमोरी कप धूत होती.

मग दार उघडलं. थंडी आत आली, तिच्यामागे एक करडा कुत्रा, आणि कुत्र्यामागे रेइनो, नारिंगी टोपी घातलेला. त्याने बुटकी खुर्ची ओढली.

“टोळी निघाली,” तो म्हणाला. “मी मागून जातो.”

आउनेने खणाकडे मान केली. “तुझा राहिलाय.”

रेइनोने कुत्र्याच्या मानेवर हात ठेवला. “राहू दे या वर्षी. मी कुत्रा धरतो. कुत्रं धरायलाही माणूस लागतोच.”

“लागतो,” आउने म्हणाली, आणि खण गुडघ्याने बंद केला.

इर्मेलीने खिशातून पेन्सिल काढली होती. मला वाटलं, काही टिपून घेईल. तिने नकाशाची घडी उघडली. कोर्पिवारा पांढरंच होतं; आउने तिथे आहे तोवर ते पांढरंच खरं, म्हणून तिने मुद्दाम तसं ठेवलं होतं. खालच्या कोपऱ्यात तिने बारीक अक्षरांत लिहिलं: जमिनीवरचं काम, इ. तोल्वानेन, आणि त्या दिवसाची तारीख. मग पेन्सिल ठेवली आणि रेइनोकडे पावाची ताटली सरकवली.